अभियांत्रिकीचा प्रकल्प अहवाल : मांडणी आणि लेखन



आपल्या वस्तीतील मुले-मुली आज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत आहेत, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची बाब आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसावे लागले, त्यांची नातवंडे आज प्रयोगशाळेत काँक्रीटची ताकद मोजतात. परंतु शेवटच्या वर्षी प्रकल्प अहवाल लिहिण्याची वेळ आली की, यातील पुष्कळ मुले अडखळतात. प्रयोग चांगला केलेला असतो, मेहनत खरी असते, पण ती कागदावर उतरत नाही. घरात यापूर्वी कोणी अहवाल लिहिलेला नसतो. अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो आणि इंग्रजीची भीती मनात बसलेली असते. मग कोणाचा तरी जुना अहवाल आणायचा, नाव बदलायचे आणि बांधून द्यायचा, हा सोपा मार्ग दिसू लागतो.

मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिकाचे काम करतो. तरीही विहारातील अभ्यासवर्गात मुलांचे अहवाल वाचून देण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातून जे शिकलो ते या लेखात मांडत आहे. विषयातील चूक तुमचे मार्गदर्शक प्राध्यापक सांगतील. पण क्रम, क्रमांक, नोंद आणि बेरीज यांत आयुष्य घालवलेल्या माणसालाही सांगण्यासारखे काही असते.

एक परत आलेला अहवाल

स्थापत्य शाखेचा एक विद्यार्थी एके संध्याकाळी विहारात आला. चेहरा उतरलेला होता. "काका, रिपोर्ट वापस दिला सरांनी. चार दिवसांत नवा दिला नाही तर सबमिशन गेलं," असे म्हणून त्याने स्पायरल बांधणीची प्रत माझ्यापुढे ठेवली. वडील रोजंदारीवर, थोरल्या बहिणीने शिकवण्या घेऊन याची फी भरलेली. वर्ष वाया गेले असते तर ते एकट्या त्याचे गेले नसते.

त्याचा विषय असा होता : काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग कमी करून त्याऐवजी औष्णिक वीज केंद्रातील राख, म्हणजे फ्लाय अॅश, वापरली तर ताकदीत काय फरक पडतो? विषय उपयोगाचा. राख वाया जात नाही आणि सिमेंट वाचते. मग अहवाल परत का आला? पहिल्या प्रकरणात राख कोराडीची होती आणि तिसऱ्या प्रकरणात ती चंद्रपूरची झाली होती. मी विचारले तेव्हा तो खाली पाहू लागला. दुसरे आणि तिसरे प्रकरण एका जुन्या अहवालातून जसेच्या तसे उतरवले होते.

मी त्याला म्हटले, "अहवाल बाजूला ठेव. तू काय केलेस ते मला मराठीत सांग." तो सांगू लागला. राख कोठून व कशी आणली, वाळू कशी चाळली, मिश्रणाचे प्रमाण कसे काढले, साचे कसे भरले, एका दिवसानंतर ठोकळे साच्यातून काढून पाण्यात कसे ठेवले, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली ते कसे फोडले. तो चाळीस मिनिटे न अडखळता बोलला. मी कागदावर क्रमाने मुद्दे उतरवून घेतले आणि त्याच्या हातात देऊन म्हटले, "हे तुझे तिसरे प्रकरण. जुन्या अहवालाची गरज कोठे पडली?"

म्हणून मित्रांनो, पहिला धडा हाच. संगणकापुढे बसण्याआधी आपले काम मराठीत, क्रमाने, एखाद्या ऐकणाऱ्याला सांगा. ऐकणारा अभियंता नसला तर अधिक चांगले. त्याला जेथे समजणार नाही, तेथे तुमच्या अहवालात काहीतरी सुटलेले आहे असे समजा. मग त्या मुद्द्यांची लहान लहान इंग्रजी वाक्ये करा. एका वाक्यात एकच क्रिया. जे करून झाले आहे ते भूतकाळात लिहा. अवघड शब्दांनी अहवाल मोठा होत नाही.

अहवालाचे भाग

अहवाल हा त्या विषयाची माहिती असलेल्या परक्या माणसासाठी असतो. तुमचा अहवाल हातात घेऊन त्याला तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे आणि तुमचा निष्कर्ष कशावरून आला हे तपासता आले पाहिजे. ही कसोटी लक्षात ठेवली की, काय लिहावे आणि काय वगळावे हे आपोआप कळते.

आपल्या धम्मसाहित्याकडे पाहा. भगवान बुद्धांचा उपदेश पंचेचाळीस वर्षांचा. तो सुत्त, विनय आणि अभिधम्म अशा तीन पिटकांत विभागला गेला. सुत्तपिटकात लांब सुत्ते दीघनिकायात, मध्यम लांबीची मज्झिमनिकायात, विषयवार गट संयुत्तनिकायात आणि संख्येच्या चढत्या क्रमाने अंगुत्तरनिकायात. लेखनाची सोय नसताना एवढे विचारधन पिढ्यान्पिढ्या पाठ राहिले, त्यात या मांडणीचा मोठा वाटा आहे.

प्रकल्प अहवालाचे तीन भाग पडतात.

आरंभीचा भाग : मुखपृष्ठ, महाविद्यालयाचे प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचे घोषणापत्र, ऋणनिर्देश, सारांश, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी, तक्त्यांची यादी, चिन्हे व संक्षेपांची यादी.

मुख्य भाग : प्रकरण १ प्रस्तावना, प्रकरण २ पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा, प्रकरण ३ साहित्य व कार्यपद्धती, प्रकरण ४ निकाल व चर्चा, प्रकरण ५ निष्कर्ष व पुढील कामास वाव.

अखेरचा भाग : संदर्भसूची आणि परिशिष्टे. लांबलचक आकडेमोड, संगणकाचा प्रोग्रॅम, चाचण्यांच्या कच्च्या नोंदी हे सर्व परिशिष्टात जाते.

महाविद्यालयाने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. विभागाची छापील सूचना हीच शेवटची आज्ञा.

वाचण्याचा क्रम हा असला तरी लिहिण्याचा क्रम हा नव्हे. बहुतेक मुले प्रस्तावनेपासून सुरुवात करतात आणि तिथेच आठवडा घालवतात. आधी तिसरे प्रकरण लिहा, कारण ते तुम्ही हातांनी केलेले आहे. मग चौथे, मग पाचवे. त्यानंतर दुसरे आणि पहिले. सारांश सर्वांत शेवटी. सारांश एका पानात मावावा. प्रश्न काय होता, काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, एवढेच त्यात असावे. आकड्यांशिवाय सारांश म्हणजे रकमेशिवाय धनादेश होय.

दुसऱ्या प्रकरणाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. अमक्याने अमके केले, तमक्याने तमके केले, अशी जंत्री म्हणजे आढावा नव्हे. ज्यांचे निष्कर्ष जुळतात त्यांना एकत्र आणा, ज्यांचे जुळत नाहीत ते वेगळे दाखवा आणि शेवटच्या परिच्छेदात सांगा की, या सर्वांत कोणता प्रश्न शिल्लक राहिला व तुम्ही त्यातील किती भाग घेतला.

पान, अक्षर आणि क्रमांक

कागद ए-४ आकाराचा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. डावीकडे दीड इंच समास सोडावा, कारण बांधणीत अर्धा इंच जातो. इतर तिन्ही बाजूंना एक इंच. अक्षर सामान्यतः टाइम्स न्यू रोमन, मजकूर १२ आकारात, उपशीर्षक १४, प्रकरणाचे नाव १६. दोन ओळींतील अंतर दीडपट. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करावे.

आरंभीच्या भागाला लहान रोमन आकडे आणि प्रस्तावनेपासून १, २, ३ असे आकडे देतात. मुखपृष्ठ मोजतात, पण त्यावर आकडा छापत नाहीत. यासाठी वर्डमध्ये दोन भागांच्या मध्ये 'सेक्शन ब्रेक' टाकावा लागतो, साधा पानबदल चालत नाही. शीर्षकांना 'हेडिंग'ची शैली दिली तर अनुक्रमणिका संगणक स्वतः तयार करतो आणि पाने सरकली तरी एका क्लिकने सुधारतो. हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका शेवटच्या रात्री हमखास चुकते.

प्रकरणाचा क्रमांक ३, त्यातील विभाग ३.१, पोटविभाग ३.१.१. याहून खोल जाऊ नये. क्रमांकाचे महत्त्व काय, ते संविधानावरून कळते. मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क आला, तेव्हा तो २१ च्या पुढे २१-क म्हणून बसवला. बाकीचे क्रमांक हलले नाहीत आणि आधीचे सर्व संदर्भ शाबूत राहिले. क्रमांक म्हणजे पत्ता. तो बदलला तर टपाल पोहोचत नाही.

तक्त्याचे शीर्षक तक्त्याच्या वर आणि आकृतीचे शीर्षक आकृतीच्या खाली, असा संकेत आहे. चौथ्या प्रकरणातील दुसरा तक्ता म्हणजे तक्ता ४.२. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही असा तक्ता ठेवू नये. "खालील तक्ता पाहा" असे न लिहिता "तक्ता ४.२ पाहा" असे लिहावे, कारण छापताना खालचा तक्ता पुढच्या पानावर जाऊ शकतो. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशीचे नाव आणि एकक हवेच. एककांची चिन्हेही नीट पाहावीत. किलोन्यूटन लिहिताना किलोचा 'के' लहान आणि न्यूटनचा 'एन' मोठा. आकडा आणि एकक यांच्यामध्ये एक जागा सोडावी.

बेरीज जुळली पाहिजे

बँकेत दिवस संपताना बेरीज जुळली नाही तर आम्ही घरी जात नाही. तीच सवय मी त्या मुलाच्या चौथ्या प्रकरणाला लावली आणि तेथे खरी चूक सापडली.

त्याने एम-२० दर्जाचे काँक्रीट केले होते. ठोकळे १५० मिलिमीटरचे, म्हणजे दाबाचे क्षेत्र २२,५०० चौरस मिलिमीटर. यंत्रावरील भार या क्षेत्राने भागला की ताकद मिळते. भार ५६२.५ किलोन्यूटन असेल तर ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. अठ्ठावीस दिवसांनंतर साध्या काँक्रीटच्या तीन ठोकळ्यांची ताकद २७.०, २७.३ आणि २७.९ आली होती, सरासरी २७.४. राख घातलेल्या काँक्रीटचे तीन ठोकळे २६.२, २६.५ आणि २७.४ असे होते आणि सरासरी छापली होती २७.६. म्हणून निष्कर्षात त्याने ठळक अक्षरांत लिहिले होते की, राखेमुळे ताकद वाढली.

मी तिघांची बेरीज केली. ८०.१. तिनाने भागले, २६.७. छापलेल्या आकड्याशी फरक ०.९. आमच्या धंद्यातली एक जुनी खूण आहे : फरकाच्या अंकांना ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. येथेही तसेच झाले होते. ६ आणि ७ यांनी जागा बदलल्या होत्या. दोन अंक इकडचे तिकडे झाले आणि निष्कर्ष उलटा झाला. ताकद वाढलेली नव्हती, ती सुमारे अडीच टक्क्यांनी कमी झाली होती.

हे समजल्यावर तो घाबरला. "काका, म्हणजे प्रोजेक्ट फेल?" मी म्हटले, "तुझ्या मिश्रणाला किती ताकद हवी होती?" त्याने वही उघडली. एम-२० साठी लक्ष्य ताकद २० अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे २६.६. त्याची सरासरी २६.७. म्हणजे सिमेंट कमी करूनही काँक्रीट लक्ष्याला पुरे पडले होते. शिवाय राखेची क्रिया सावकाश चालते आणि तिची ताकद अठ्ठावीस दिवसांनंतरही वाढत राहते, हे त्याने स्वतःच मला समजावून सांगितले. मग पुढील कामात ५६ आणि ९० दिवसांच्या चाचण्या सुचवता आल्या. खोट्या वाढीपेक्षा हा खरा निष्कर्ष अधिक वजनदार होता.

म्हणून प्रत्येक आकडा तीन ठिकाणी ताडून पाहा : तक्त्यात, चर्चेत आणि सारांशात. तिन्ही ठिकाणी तोच असला पाहिजे. आकडे एकाने वाचावेत, दुसऱ्याने मूळ वहीशी जुळवावेत. आणि मूळ वही असावी. प्रयोगाची नोंद त्याच दिवशी, तारखेसह, पेनाने करावी. चूक झाली तर खोडरबर न वापरता एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा.

संदर्भ म्हणजे व्हाउचर

बँकेत व्हाउचरशिवाय नोंद होत नाही. अहवालातही दुसऱ्याकडून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला व्हाउचर लागते. त्यालाच संदर्भ म्हणतात. अभियांत्रिकीत बहुधा चौकटी कंसातील आकड्याची पद्धत असते. मजकुरात जो संदर्भ प्रथम येतो तो १, नंतरचा २. शेवटच्या यादीत त्याच क्रमाने लेखक, शीर्षक, प्रकाशन, वर्ष आणि पाने द्यावीत. मजकुरातील प्रत्येक आकडा यादीत आणि यादीतील प्रत्येक नोंद मजकुरात सापडली पाहिजे. भारतीय मानके वापरली असतील तर त्यांचा क्रमांक व वर्ष द्यावे. आय.एस. ४५६ हे २००० सालचे आणि मिश्रणाचे आय.एस. १०२६२ हे २०१९ सालचे, असे स्पष्ट लिहावे, कारण मानके बदलत असतात.

राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यपांनी आनंदांना विचारले ते केवळ बुद्ध काय म्हणाले, एवढेच नव्हते. ते कोठे म्हणाले आणि कोणाच्या निमित्ताने म्हणाले, हेही विचारले. विनयाबद्दल असेच प्रश्न उपालींना विचारले गेले. ऐकलेली गोष्ट कोणाकडून आणि कोठे ऐकली हे सांगण्याची शिस्त आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

दुसऱ्याचे लिखाण उचलण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. पदव्युत्तर व संशोधन पदवीच्या प्रबंधांना ते लागू असून दहा टक्क्यांहून अधिक साम्याला त्यात कारवाई आहे. पदवीचे प्रकल्प अहवाल त्यातून वगळलेले आहेत. तेव्हा एखादा म्हणेल, मग आम्हाला काय भीती? त्याला माझे उत्तर असे की, महाविद्यालय स्वतःचा नियम करू शकते, आणि नियम नसला तरी शील आहे. दर पौर्णिमेला आपण विहारात पंचशील घेतो. न दिलेले घ्यायचे नाही, हे दुसरे शील. खोटे बोलायचे नाही, हे चौथे. उतरवलेला अहवाल पहिल्या पानापासून दोन्ही मोडतो, कारण घोषणापत्रावर "हे काम माझे आहे" असे लिहून आपण सही केलेली असते. दुकानातून विकत घेतलेल्या किंवा संगणकाकडून लिहवून घेतलेल्या मजकुरालाही हेच लागू आहे. भाषा सुधारण्यासाठी मदत घ्यावी, मात्र विचार आणि आकडे आपलेच असावेत. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतील तेव्हा शेजारी दुकानदार उभा नसतो.

प्रती जपा, मग बांधा

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह वेगळ्या जहाजाने येत होता. महायुद्धात ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता, तुमच्यापुढे आहे. रोजची फाइल तारखेच्या नावाने जतन करा. एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ई-मेलवर.

छापायला नेताना पीडीएफ करून न्यावी, नाहीतर दुकानातील संगणकावर अक्षरे आणि पाने सरकतात. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून मार्गदर्शकांना दाखवावी. त्यांच्या दुरुस्त्या झाल्यावरच पक्की बांधणी. बांधणीवाल्याकडे त्या दिवसांत गर्दी असते, म्हणून शेवटच्या तारखेच्या आधी किमान आठ दिवस हातात ठेवावेत. प्रमाणपत्रावरील सह्या राहिल्या आहेत का ते बांधणीपूर्वी पाहावे. आणि स्वतःसाठी एक प्रत जरूर ठेवावी. मुलाखतीत ती उपयोगी पडते.

परत येणे म्हणजे नापास होणे नव्हे

शेवटी एक गोष्ट. रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध बाबासाहेबांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांनी तो तसाच स्वीकारला नाही. दुरुस्ती करावी लागली. पैसे संपत आल्याने त्यांना मुंबईला परतावे लागले. येथूनच त्यांनी तो सुधारून पुन्हा पाठवला आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी तो लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन हे त्यांच्या सर्व मतांशी सहमत नव्हते, तरीही त्यांनी प्रस्तावना लिहिली. ज्याची मांडणी पक्की असते त्याच्याशी मतभेद असलेला माणूसही त्याला मान देतो.

तो विद्यार्थी चार दिवस विहाराच्या खोलीत बसून लिहीत होता. बहीण आकडे वाचत होती आणि तो वहीशी जुळवत होता. चौथ्या दिवशी अहवाल स्वीकारला गेला. जुन्या अहवालातील एकही ओळ त्यात नव्हती. तो मला प्रत दाखवायला आला तेव्हा मी निष्कर्षाचे पान उघडले. तेथे लिहिले होते की, ताकद सुमारे अडीच टक्क्यांनी कमी झाली, तथापि ती लक्ष्यापेक्षा जास्त आहे. ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या नावानंतर आई-वडिलांचे आणि बहिणीचे नाव होते.

आज तो नोकरीला आहे आणि रविवारी अभ्यासवर्गात येऊन आपल्यामागच्या मुलांचे अहवाल तपासतो. आपल्यापैकी ज्यांचे अहवाल या वर्षी व्हायचे आहेत त्यांनी कच्चा मसुदा घेऊन निःसंकोच विहारात यावे. मात्र येताना प्रयोगाची मूळ वही सोबत आणावी. सुरुवात तिच्यापासून करू.

जयभीम! नमो बुद्धाय!